“तिला काय, सवय आहे”

सेरेना विल्यम्सच्या बाळंतपणाची हकिगत आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर टाकली, तर पहिलाच मेसेज आला, “अहो सिस्टर, एवढा पैसा असून?” सगळा घोळ या प्रश्नातच आहे, असं मला वाटतं. बाईचं दुखणं खरं मानायचं की नाही हे तिच्या पैशावरून ठरतं, असं आपण धरून चालतो. पैशावरून ठरतंच, नाही असं नाही. पण त्याआधी तिच्याकडे नुसतं एकदा बघून बरंच काही ठरून गेलेलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेरेना म्हणजे अमेरिकेची नावाजलेली टेनिसपटू, कृष्णवर्णीय. सप्टेंबर २०१७, सिझर होऊन मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सेरेनाला दम लागायला लागला. २०११ मध्ये तिच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे हे काय आहे ते तिने बरोबर ओळखलं. नर्सला म्हणाली, सीटी स्कॅन करा, हेपॅरिन (गुठळ्या होऊ न देणारं औषध) लावा. नर्सला वाटलं, दुखण्याच्या औषधाने बाई बरळतेय. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. मग सीटी केला आणि गुठळ्या सापडल्या. ऑपरेशननंतर पेशंट बरळतात हे मलाही माहीत आहे, उभी हयात मॅटर्निटी वॉर्डात गेली माझी. पण जिला हा आजार आधी होऊन गेलाय ती आजाराचं नाव आणि औषधाचं नाव दोन्ही सांगत असेल, तर तिला बरळणं म्हणायला धाडस लागतं.

बरं, ती एकटीच असती तर अपघात म्हणून सोडून दिलं असतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी ४ बाय १०० रिलेचं सुवर्ण जिंकलं. चौघीही कृष्णवर्णीय. पुढे त्यातल्या अ‍ॅलिसन फेलिक्सला गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया झाला, म्हणजे बीपी धोकादायक वाढलं, २०१८ मध्ये बत्तिसाव्या आठवड्यात तातडीने सिझर करावं लागलं. टियाना बार्टोलेटाचंही बाळंतपण जिवावर बेतलं. आणि शेवटच्या टप्प्यात बॅटन घेऊन पळालेली टोरी बोवी मे २०२३ मध्ये आठ महिन्यांची पोटुशी असताना घरात एकटी मेलेली सापडली. वय ३२. गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांची (एक्लॅम्प्सिया) शक्यता शवविच्छेदनात नोंदली गेली. एका रिले टीमच्या चौघींपैकी तिघी!

यावर ठरलेलं उत्तर येतं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका लठ्ठ असतात, गरीब असतात, शिकलेल्या नसतात. तर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, २००७ ते २०१६ या दहा वर्षांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. पदवी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या कृष्णवर्णीय बायकांमध्ये गरोदरपण-बाळंतपणातल्या मृत्यूंचं प्रमाण तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या बायकांच्या पाचपट निघालं. आणि शाळासुद्धा पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षाही ते जास्तच होतं, १.६ पट. खुद्द सीडीसीत काम करणारी शालॉन अर्विंग, पीएचडी झालेली बाई, जानेवारी २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीन-चार आठवड्यांत गेली. बीपी वाढलेलं, पायाला सूज. पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेली होती. शेवटच्या वेळी गोळ्या लिहून घरी पाठवलं आणि त्याच संध्याकाळी ती कोसळली. शिक्षणाने बाईचं भलं होतं हे आपण सावित्रीबाईंपासून मानत आलो, मीही मानते. पण हा हिशेब वाचल्यावर घास घशात अडकतो.

हे येतं कुठून? २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं देऊन खरी की खोटी विचारलं. कृष्णवर्णीय माणसाची कातडी जाड असते, यासारखं एक तरी खोटं विधान निम्म्या जणांना खरं वाटत होतं. आणि ज्यांना अशी विधानं जास्त पटली, त्यांनी कृष्णवर्णीय पेशंटच्या वेदनेला कमी मार्क दिले. ही मुलं दुष्ट नव्हती. वॉर्डात, कॅन्टीनमध्ये कानावर पडलेलं डोक्यात बसलं होतं, इतकंच.

त्याची मुळं माझ्याच ट्रेमध्ये होती, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी ओपीडीत सिम्स स्पेक्युलम असतं, बाईची आतून तपासणी करायचं अवजार. दोन्ही टोकांना बदकाच्या चोचीसारखं वळलेलं, ऑटोक्लेव्हमधून निघालं की हाताला चटका देणारं. मी ते किती हजार वेळा उचलून डॉक्टरांच्या हातात दिलं असेल, देव जाणे. हा सिम्स म्हणजे अलाबामातला जे. मॅरियन सिम्स. चमचा वाकवून त्याने या अवजाराची सुरुवात केली. १८४५ ते १८४९ या काळात तो गुलाम बायकांवर फिस्टुलाची (अडलेल्या बाळंतपणात लघवीच्या पिशवीला पडणाऱ्या भोकाची) ऑपरेशनं करून शिकत होता, भूल न देता. त्याने स्वतःच लिहून ठेवल्यामुळे तिघींची नावं टिकली: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. एकट्या अनार्कावर ३० ऑपरेशनं. सिम्सचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला पुतळा २०१८ मध्ये हलवला. स्पेक्युलम आहेच, आणि असूही द्या, कामाची वस्तू आहे.

(जाता जाता: आपल्या आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथूनच रिबेका कोल ही कृष्णवर्णीय बाई १८६७ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. आपल्या पाठ्यपुस्तकात हे कधी दिसलं नाही.)

आता “तिकडचं तिकडे” म्हणणाऱ्यांसाठी. वंश आणि जात एकच नव्हेत, ते मला शिकवू नका. पण माझी बदली काही वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी होती. तिथे पाड्यावरची बाई आली की सगळे, चांगले चांगले लोकसुद्धा, म्हणायचे, “तिला काय, सवय आहे, काटक असतात या.” यात कौतुकच असायचं! आणि त्या कौतुकाच्या जोरावर तिच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं. शहरी, साहेबाच्या ओळखीची बाई विव्हळली की सलाइन, डॉक्टरांना फोन. मधल्या बाया ओरडल्या की “तेव्हा नाही ओरडलीस ती?” हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती लेबर रूममध्ये ऐकू येतं ते बाळंत झालेल्या बायांना विचारा. बाई म्हणून हे सगळ्यांच्याच वाट्याला. पाड्यावरची मात्र ओरडतच नव्हती, आणि बोलली तर पावरी बोलीत, ती आमच्यात एका मावशीलाच कळायची.

एकदा नाइटला चार्ज घेतला. रजिस्टरमध्ये ‘जनरल कंडिशन ठीक’. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, गप्प. मावशी फरशी पुसत पुसत आली आणि म्हणाली, “सिस्टर, कॉटखाली बघा.” चादरीतून गळून खाली थारोळं साचलं होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, वाचली. चौकशी वगैरे काही झाली नाही. कोणी तक्रारच केली नव्हती.

अमेरिकेचे आकडे मी इथे देऊ शकले, कारण तिथे मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहितात आणि मग जाहीर करतात. २०२१ मध्ये लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९, गोऱ्या मातांचे २६.६. आपल्याकडे २०१८-२० चा महाराष्ट्राचा आकडा ३३, सगळ्यात कमी मृत्यूंत केरळनंतर देशात दुसरा नंबर. अभिमान आहे मला, त्यात आमच्या रात्री गेल्यात. पण या ३३ मध्ये आदिवासी भागातल्या धडगावची किती, धारणीची किती, दलित वस्तीतली किती? तो अहवाल राज्यवार येतो, जातवार येत नाही. वरून सरासरी छान दिसते.

स्टाफला दोष देऊन मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही. रात्री एका सिस्टरला अख्खा वॉर्ड असेल, तर जी ओरडते तिच्याकडेच पाय वळणार. संवेदनशीलतेच्या कार्यशाळा मी बऱ्याच केल्या. चहा-बिस्किटं चांगली असायची. मला भरवसा मोजमापाचा. बाळंतिणीच्या खाली अंथरायची एक प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. किती रक्त गेलं ते दिसतं, बाई ओरडो न ओरडो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत अशी पिशवी वापरून आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करून पाहिलं. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारी पोटाची ऑपरेशनं, मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आणि अशीच पिशवी त्याच्या कितीतरी आधी आपल्या बेळगावच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी तयार केली होती. २००६ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की डोळ्यांनी केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. बेळगाव कुठे, कोल्हापूरच्या पलीकडे. मी रिटायर होईपर्यंत आमच्या वॉर्डात ती आली नव्हती. इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, मात्र दरवर्षी भरत होते.