प्लुटोनियमचं भूत आणि आयोडीनचा विसर

सध्या एक मेसेज जो तो फॉरवर्ड करतोय, की अणुकचरा म्हणजे हिरवं चमकणारं द्रव, त्यातलं प्लुटोनियम २४,००० वर्षं मारक राहतं आणि एक ना एक दिवस ते सगळं भूजलात उतरणारच.

आधी ते द्रव. अणुभट्टीतून निघालेलं इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या काळ्या सिरॅमिक गोळ्या, झिर्कोनियमच्या नळ्यांत भरलेल्या, वितळायला २,८०० अंशांच्या वर तापमान लागतं. पाण्याखाली चमक दिसते खरी, पण निळी. द्रव कचराही असतो, इंधन ॲसिडमध्ये विरघळवून प्लुटोनियम काढलं की उरतो तो. अमेरिकेत हॅनफर्डला बॉम्बसाठी हेच केलं, तिथल्या १७७ टाक्यांपैकी कित्येक गळल्या, ते काही खोटं नाही. म्हणूनच असं द्रव आता वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करतात.

२४,००० वर्षांचं म्हणाल तर ते प्लुटोनियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं अर्धं संपायला लागणारा काळ, आणि अर्धायुष्य जितकं लांब तितका किरणोत्सर्ग सावकाश. पहिली काही शतकं जास्त त्रास कचऱ्यातल्याच सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० चा, दोघांचं अर्धायुष्य जवळपास ३० वर्षं, म्हणजे ३०० वर्षांत हजारातला एकच भाग उरतो. प्लुटोनियम श्वासातून फुफ्फुसात गेलं तर वाईटच, पण त्यासाठी ते आधी तिथवर पोचायला हवं ना!

आणि खरी गंमत इथेच आहे. हा कचरा पुरायचा तो खोल जमिनीत, तिथे ऑक्सिजन नसतो, त्यामुळे प्लुटोनियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, चिकणमातीला घट्ट धरून बसतं. गॅबॉनमधल्या ओक्लोला सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या थरात आपोआप अणुभट्टी पेटली होती, १९७२ मध्ये कळलं, तिथलं प्लुटोनियम कुठल्याही डब्याशिवाय बहुतेक जागच्या जागीच संपलं, सीझियम मात्र निसटलं. अपवाद आहे, अमेरिकेतल्या नेवाडात अणुचाचणीचं प्लुटोनियम पाण्यातल्या अतिसूक्ष्म कणांवर बसून १.३ किलोमीटर गेलेलं १९९९ मध्ये छापून आलं, पण गेलं ते अगदी किंचित.

मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही ते याच कचऱ्यातलं आयोडीन-१२९. अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर, पाण्यात आयोडाइड होऊन फिरतं, त्याच्यावर ऋण भार आणि चिकणमातीवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरतच नाही. कचऱ्यातल्याच टेक्नेशियम-९९ चंही हवा लागली की असंच, फक्त ऑक्सिजन नसला, आसपास लोखंड असलं की ते बसून राहतं. आयोडीनला तसा काही उपाय नाही, म्हणून खोल साठवणुकीचे लाखो वर्षांचे हिशेब मांडणारे प्लुटोनियमपेक्षा त्याच्याकडे जास्त बघतात.