निष्कर्ष आधी, संशोधन सवडीने

पर्यावरण आणि आरोग्याच्या वादात उतरताय? मग आधी बाजू ठरवा. विज्ञान मागाहून बोलावता येतं. मानधन चोख असेल तर धावत येतं.

कंपनीकडून बोलायचं असेल, तर ‘आमचा माल निर्धोक आहे’ असं चुकूनही म्हणू नका. ते सिद्ध करावं लागतं. चेहरा गंभीर करून म्हणा, ‘याबाबत आणखी संशोधन व्हायला हवं.’ याला विरोध करणार कोण? आणि संशोधन चालू असेपर्यंत विक्रीही चालू! सिगारेटवाल्यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या चारशेवर वृत्तपत्रांत जाहिरात देऊन संशोधनाचा विडा उचलला. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात मात्र ‘संशय हाच आपला माल’ असं स्वच्छ लिहून ठेवलं. (असलं काही लिहून ठेवू नये, हा उपसल्ला.)

शिसेयुक्त पेट्रोलचं उदाहरण तर गिरवण्यासारखं. उद्योगाचे तज्ज्ञ रॉबर्ट कीहो वर्षानुवर्षं सांगत राहिले की शरीरात थोडं शिसं असायचंच. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की हे ‘थोडं’ नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आहे. तरी घाई कुणी केली नाही. १९२३ मध्ये विक्रीला आलेलं हे पेट्रोल मोटारींच्या टाक्यांतून जगभर हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं.

चळवळीत असाल तर ‘मात्रा किती?’ हा प्रश्न टाळा. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेची कर्ककारकांची (कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींची) यादी खिशात ठेवा. पदार्थाने कर्करोग होऊ शकतो का, एवढंच ती सांगते. धोका किती, ते सांगत नाही. हे दुसरं वाक्य फलकावर मावत नाही. तिच्या ‘२ब’ म्हणजे ‘कदाचित कर्ककारक’ गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, पण कोरफडीविरुद्ध मोर्चा निघत नाही, तेव्हा ते राहू द्या. गाठी आलेल्या उंदरांचे फोटो उत्तम. २०१२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या मक्यावरच्या एका शोधनिबंधात ते होते. उंदरांची ती जात एरवीही गाठींसाठी प्रसिद्ध, गटात फक्त दहा-दहा उंदीर. नियतकालिकाने २०१३ मध्ये निबंध मागे घेतला. फोटो कोण मागे घेणार?

ग्लायफोसेट या तणनाशकाने दोन्ही पक्षांची सोय केली. २०१५ मध्येच आयएआरसी म्हणाली ‘बहुधा कर्ककारक’, युरोपची अन्नसुरक्षा संस्था म्हणाली ‘तशी शक्यता कमी’. दोघींनी पाहिलेली कागदपत्रं वेगळी, विचारलेले प्रश्नही वेगळे, हे वाचत बसू नका. आपला कागद उचला आणि निघा.

शेवटी समिती नेमली जाईल. तीत दोन्हीकडचे तज्ज्ञ असू द्यात. ज्याच्या रक्तात ते रसायन सापडलंय, त्याला तेवढा घेऊ नका. त्याचे हितसंबंध गुंतलेले असतात.