पॅरिसच्या मोर्चात घुसावे कसे?

फिरायला गेल्यावर मोर्चा बघावा लागतो हे पाप आहे, मोर्चात घुसावं हे पुण्य. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी हे पुण्य यंदा पॅरिसमध्ये कमावलं, मी फरफटत मागे होतो. म्हणून हा सल्ला, फुकट.

आधी तारीख न बघता बुकिंग करा. १ मे, कामगार दिन, बेस्ट. त्या दिवशी लुव्र म्युझियम बंद असतं, दर वर्षीच असतं, पण हे आधी वाचून जातो तो कसला टूरिस्ट! बंद दारापुढे सेल्फी काढा आणि निघा मोर्चासाठी रेपुब्लिक चौकाकडे. मेट्रो तुमच्या स्टेशनवर न थांबता पुढे गेली तर लक्ष देऊ नका, मोर्चाच्या रस्त्यावरची स्टेशनं बंद ठेवतात. अनाउन्समेंट फ्रेंचमध्ये असते, म्हणजे आपल्यासाठी नाहीच.

पासपोर्ट हॉटेलवरच राहू द्या, पोलीस चेहरा बघून ओळखतील.

वारा लागला की नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळा. मोर्चात गडबड सुरू असताना कारण नसताना तोंड लपवलं तर १ वर्ष कैद आणि १५,००० युरो दंड, असा तिथे २०१९ पासून कायदा आहे. पण तुमचं कारण सबळ आहे ना, सर्दी.

मग दिसेल तो बोर्ड उचला. दादांनी उचललेल्यावर 'रत्रेत' लिहिलेलं होतं, त्यांना वाटलं 'रिट्रीट', योगा वगैरे. रत्रेत म्हणजे पेन्शन हो! २०२३ मध्ये सरकारने निवृत्तीचं वय ६२ चं ६४ केलं, तेही राज्यघटनेचं कलम ४९.३ लावून, खासदारांचं मतदानच न घेता, त्यावरून लाखो लोक रस्त्यावर आले होते, संपात पगार कापून घेतला होता लोकांनी, आणि ज्या आजोबांचा तो बोर्ड होता ते बिचारे खुश होऊन दादांचा हात हातात घेऊन पाच मिनिटं काहीतरी मनापासून सांगत होते, आणि दादा 'वुई, वुई' करत कॅमेऱ्यात आपले केस नीट करत होते.

आजोबांनी निघताना त्यांना म्यूगेची काडी दिली, बारीक पांढऱ्या घंट्यांसारखी फुलं, १ मेला देतात एकमेकांना. दादांनी ती कानामागे खोचली. पुढचा शॉट.

आणि शॉट घेताना लोकांना विचारू नका हं, अजिबात नाही. मागून कागदपत्रं नसलेल्या परदेशी कामगारांचा जथा येत होता, त्यातल्या एका बाईने कॅमेरा बघून चटकन हात तोंडावर धरला, तर हे म्हणतात, "अरे लाजतेय!" आणि झूम केलं.

लाजत नव्हती हो ती! घाबरली होती! राहायचा परवाना नाही, उद्या कोणी ओळखलं तर तिला देशाबाहेर काढतील, तरी ती रस्त्यावर उतरली होती, आणि तुम्ही तिचं तोंड गाणं लावून जगाला दाखवताय? मी हॉटेलवर सांगितलं, दादा, तेवढं काढा त्यातनं. तर म्हणे, "आपल्याला कुठे परत जायचंय तिथे."

तुम्हाला नाही जायचं. ती तिथेच आहे. अजून आहे तो व्हिडिओ, सकाळीच बघितला मी. काढा तो. लाज वाटू द्या थोडी, आणि काढा.