स्थिर मूल्य म्हणजे वरची मर्यादा नव्हे

व्हेरिएशनल पद्धतीवरचा, म्हणजे अंदाजी तरंगफलन (कणाची अवस्था सांगणारे फलन) घेऊन उत्तर काढण्याच्या रीतीवरचा, लेख आवडला; मात्र 'व्हेरिएशनल पद्धतीने काढलेले उत्तर खऱ्या उत्तराच्या नेहमी वरच्या बाजूला असते' हे त्यातील विधान प्रकीर्णनाला (कण लक्ष्यावर आदळून विखुरण्याला) लागू पडत नाही, हे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. हेलियमच्या मूळ अवस्थेची ऊर्जा काढताना ते खरे आहे. प्रकीर्णनात ऊर्जा आपण आधीच ठरवलेली असते आणि शोधायची असते ती फेज शिफ्ट, म्हणजे विखुरताना तरंग किती सरकला ते. वॉल्टर कोन यांच्या १९४८ च्या तत्त्वानुसार अंदाजी तरंगफलनातील चूक पहिल्या घाताची असली, तर फेज शिफ्टच्या टॅन्जंटमधील चूक दुसऱ्या घाताची राहते, म्हणजे मूल्य स्थिर असते, पण चूक कोणत्या बाजूला जाईल याची हमी मिळत नाही. शून्य ऊर्जेला, बद्ध अवस्था (कण लक्ष्याला बांधला गेलेली अवस्था) नसेल तेव्हा, प्रकीर्णन-लांबीला (शून्य ऊर्जेजवळचे प्रकीर्णन सांगणाऱ्या लांबीला) वरची मर्यादा मिळते, हे स्प्रुख आणि रोझेनबर्ग यांनी १९५९ मध्ये दाखवले. तो महत्त्वाचा अपवाद लेखात यायला हवा होता.

नाशिकला एम.एस्सी.च्या मुलांकडून मी हे गणित करून घेतो. अंदाजी तरंगफलनाच्या घातांकातील प्राचल (आपण निवडायचा आकडा) थोडेथोडे बदलत गेले की फेज शिफ्टचा आलेख बराच वेळ सपाट चालतो आणि मध्येच एका ठिकाणी सुळक्यासारखा उसळतो. मुलांना तो अनुनाद, म्हणजे ठरावीक ऊर्जेला प्रकीर्णनात येणारी खरी उसळी, वाटतो. प्रत्यक्षात तिथे व्यस्त काढायच्या मॅट्रिक्सचा निश्चयक (डिटर्मिनंट) शून्याजवळ आलेला असतो, आणि श्वार्ट्झ यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन-हायड्रोजन प्रकीर्णनाच्या गणितात याच खोट्या उसळ्यांकडे लक्ष वेधले होते. प्राचल बदलल्यावर जागा सोडणारा सुळका खोटा. खरा अनुनाद आपल्या ऊर्जेवर टिकून राहतो.