फर्माईश केली म्हणून संगीत खोटं होत नाही

महाराष्ट्राच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांवर आजच्या संगीतकारांकडून एखादी मोठी रचना करून घ्यायला हवी, असं मी फोनवर म्हटलं आणि पुण्याच्या मावसभावानं विषयच मिटवला. 'असलं संगीत सांगून होत नाही, ते आतून यावं लागतं. सरकारी पैसा आला की त्याची भाटगिरी होते. आणि जुनी गाणी आहेत की, नवं कशाला?'

मला राग आला तो एवढ्यासाठी, की याच दादाच्या घरी गीतरामायणाच्या कॅसेटी झिजेपर्यंत वाजल्या आहेत. ते कुठून आलं? 1955 साली पुणे आकाशवाणीला वर्षभर चालणारी गीतमाला हवी होती. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल बांधायची, आणि ठरलेल्या दिवशी गाणं प्रसारित व्हायचंच. अशी 56 गीतं झाली. पैसा सरकारी नभोवाणीचा, मुदत डोक्यावर. त्यात 'आतून' काय कमी पडलं?

टोरांटोत राहून मला हा वाद फार पोरका वाटतो. इथे 1967 मध्ये देशाची शंभरी आली, तेव्हा फ्लॉइड चामर्स या प्रकाशकानं हॅरी सॉमर्सकडून एक ऑपेरा लिहून घेतला. नायक कोण, तर लुई रिएल. मेटी लोकांचा, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाचा पुढारी, ज्याला याच देशाच्या सरकारनं 1885 मध्ये रेजायनाला फाशी दिलं. देशाच्या वाढदिवसाला त्या देशानंच फाशी दिलेल्या माणसाची गोष्ट मांडायला छाती लागते. आपल्याकडे अशा निमित्तानं काय मागवलं असतं, हे मला सांगायला नको.

पण त्या ऑपेरातही खोट निघाली. तिसऱ्या अंकात रिएलची बायको बाळाला अंगाई म्हणते. तिची चाल निस्गा या पश्चिम कॅनडातल्या आदिवासी लोकांच्या शोकगीताची होती. 1927 मध्ये ते ध्वनिमुद्रित करून स्वरलिपीत उतरवलं गेलं होतं. ती गाणी कुणी गायची, याचे त्यांचे वंशपरंपरेचे नियम आहेत, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वर शब्द क्री या दुसऱ्याच आदिवासी भाषेतले. मेलेल्यासाठीचं रडणं बाळाला झोपवायला वापरलं गेलं. 2017 मध्ये ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आला तेव्हा यावर उघड चर्चा झाली. मग इयन कसन या मेटी संगीतकाराला नवं गीत करायला सांगितलं आणि 2019 मध्ये ते जुन्याच्या जागी आलं. एका फर्माइशीतली चूक दुसऱ्या फर्माइशीनं दुरुस्त झाली. 'आतून येईल तेव्हा येईल' म्हणत बसले असते, तर कुणाला जाब विचारणार होते?

आपल्याकडे सामग्री कमी आहे का? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. 1982 च्या संपात गिरणगाव उद्ध्वस्त झालं. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आहेत, आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. आणि 2023 मध्ये आपण राज्यगीत निवडलं ते राजा बढे, श्रीनिवास खळे आणि शाहीर साबळे यांचं. गाणं माझं लाडकं आहे, आजही अंगावर काटा येतो. पण ते अभिमानाचं आहे, आणि संपात काम गेलेल्या गिरणी कामगाराच्या लेकीला नुसत्या अभिमानानं काय सांगणार? तिची गोष्ट कुणी तरी लिहून घ्यायला हवी. आणि ओवी घेतलीत तर आधी त्या बाईला विचारा. एवढं इथून शिकता येईल.

यावर दादा म्हणाला, 'तू टॅक्स तिकडे भरतेस. आमच्या पैशाचं काय करायचं ते आम्ही बघू.'

ते लागलं, कारण उत्तर नव्हतं. 2017 च्या एप्रिलमध्ये मी इथल्या फोर सीझन्स सेंटर या ऑपेरागृहात वरच्या बाल्कनीत बसून रिएल पाहिला. शेजारची बाई रडत होती. मला सगळं समजत होतं आणि काहीच टोचत नव्हतं. ना तो अपराध माझा वाटला, ना ते दुःख. मी स्थलांतराचे पॉइंट्स मोजून आले, शपथ घेतली, घर घेतलं. ज्या जमिनीवर घेतलं तिचा इतिहास आता माझाही आहे, हे कार्यक्रमाआधी, ही जमीन मूळची आदिवासींची असं सांगणाऱ्या निवेदनात दर वेळी ऐकते. ऐकते एवढंच.

आणि तिकडचं जे टोचतं ते मी निघाले त्या साली थांबलेलं आहे. इथल्या मंडळाच्या गणपतीत आम्ही तीच गाणी तशीच म्हणतो, मधला आलापही कॅसेटीतलाच. मुलं पाठ करून म्हणतात, छान म्हणतात. म्हणून नव्या रचनेसाठी मी भांडते. जुन्या गाण्यांत मी आपोआप बसते. नव्यात मला जागा असेल का, माहीत नाही. गिरणगावच्या पोरांनी गायलेलं, मला ठाऊक नसलेल्या महाराष्ट्राचं काही तरी ऐकताना मला परकं वाटलं तरी चालेल. वर्गणी मागितली तर मी देईन, दादा, आणि काय लिहायचं ते सांगणार नाही.