दक्षिण आफ्रिकेचा भूसंपादन कायदा आणि थांबवलेली मदत

दक्षिण आफ्रिकेच्या नव्या भूसंपादन कायद्याचे वर्णन आपल्याकडेही 'गोऱ्यांच्या जमिनी फुकटात काढून घेणारा कायदा' असेच होत आहे. हे वर्णन मला अन्यायकारक वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी जानेवारी २०२५ मध्ये सही केलेल्या या कायद्याने वर्णभेदी राजवटीतला १९७५ चा कायदा मोडीत काढला. मोबदला न्याय्य असावा, बाजारभाव हा त्यातला केवळ एक निकष असावा, हे तत्त्व त्या देशाच्या राज्यघटनेत कलम २५ मध्ये आधीपासूनच आहे. शून्य मोबदल्याची तरतूद आहे हे खरे. पण ती सार्वजनिक हितासाठी, मालकाने सोडून दिलेल्या किंवा केवळ भाव वाढण्याची वाट पाहत पडीक ठेवलेल्या जमिनींसारख्या प्रकरणांत, आणि तसे करणे न्याय्य ठरत असेल तरच. मोबदल्याबद्दल तक्रार असेल, तर न्यायालयाचे दार उघडे आहे.

आमच्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर लागले ते कूळ कायद्यामुळे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ मालक मानले गेले आणि जमिनीची किंमत बाजारभावाने नव्हे, तर सरकारी आकाराच्या (जमिनीवरील साऱ्याच्या) २० ते २०० पटींच्या मर्यादेत ठरली. कुळाने जमीन विकत घेतल्याचे, '३२ म' चे ते पिवळे पडलेले प्रमाणपत्र आजही घरच्या पेटीत घडी घालून ठेवलेले आहे. ज्या घरांत असे कागद आहेत, त्यांनी तरी बाजारभावापेक्षा कमी मोबदला म्हणजे लूट असे म्हणू नये.

दक्षिण आफ्रिकेतला अन्याय तर थेट कायद्यानेच घडवलेला होता. १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांना देशातील सुमारे ७ टक्के जमिनीत कोंडले. १९३६ मध्ये ही मर्यादा सुमारे १३ टक्के झाली. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावावरील शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडे होती, आणि लोकसंख्येत ते १० टक्केही नाहीत. यात १९९४ पासून सत्तेत असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाचा दोषही मोठा आहे. ३० टक्के शेतजमीन पाच वर्षांत फेरवाटप करण्याचे १९९४ चे आश्वासन पाळले गेले नाही, आणि पुढे तर सरकारने विकत घेतलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर करण्याऐवजी भाडेपट्ट्याने देऊन स्वतःच जमीनदार होणे पसंत केले.

अमेरिकेने मात्र ७ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने, हा कायदा आणि दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेला खटला ही कारणे देऊन मदत थांबवली. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेचे राजदूत इब्राहिम रसूल यांना परत पाठवले आणि मे महिन्यात ५९ आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाचे तिथले गोरे) निर्वासित म्हणून वॉशिंग्टनजवळ उतरवून घेतले. एखाद्या देशाचा कायदा पटला नाही, तर राजनैतिक निषेध जरूर नोंदवावा. पण या मदतीचा मोठा भाग एचआयव्हीच्या कामासाठी होता, आणि त्या देशात ७५ लाखांहून अधिक लोक या विषाणूसह जगत आहेत. औषधाच्या गोळ्यांचा बहुतेक खर्च तिथले सरकार स्वतःच करते; अमेरिकी पैशातून पगार होत होते ते परिचारिकांचे, समुपदेशकांचे आणि उपचार अर्ध्यावर सोडलेल्या रुग्णांना घरोघरी शोधून पुन्हा दवाखान्यात आणणाऱ्या कार्यकर्त्यांचे. जमिनीच्या वादाशी काहीही संबंध नसलेल्या या माणसांची कामे गेली. ती ज्यांच्या घरी जात होती त्या रुग्णांचा उपचार तुटला, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका आहे.