वारसा-वस्तीत ‘मागचं घर’ चालत नाही म्हणे!

कॅलिफोर्नियात जुना बंगला घेतलेल्या आपल्या मंडळींत एक दावा फिरतोय. ऐतिहासिक वस्तीत एडीयू, म्हणजे आवारातलं दुसरं छोटं घर, बांधताच येत नाही. बांधलंच तर जुन्या घरासारखं हुबेहूब लागतं. आणि त्यानं वस्तीची रया जाते, गाड्यांची गर्दी होते ती वेगळीच. आई-बाबांसाठी मागे दोन खोल्या काढायचं मनात असलेले हे वाचून बेतच गुंडाळतात.

मनाई मुळात नाहीच. 2020 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार 800 चौरस फुटांचं, 16 फूट उंच, बाजूला आणि मागे 4 फूट सोडून बांधलेलं घर शहराला सरसकट अडवता येत नाही. राज्याच्या वारसा-यादीतल्या वास्तूंना बाधा येऊ नये म्हणून नियम घालता येतात, पण ते मोजून दाखवता येतील असेच हवेत. ‘समितीला पसंत नाही’ एवढ्यावर भागत नाही.

हुबेहूबचं तर उलटंच आहे. जुन्या वास्तूंसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची जी मानकं आहेत, ती सांगतात की नवं काम नवं म्हणून ओळखू यावं, मात्र आकारमानात आणि प्रमाणात जुन्याशी जुळावं. पॅसाडीनातलं बंगलो हेवन घ्या, 1989 साली ठरलेली त्या शहरातली पहिली संरक्षित वस्ती. तिथले क्राफ्ट्समन नावाच्या शैलीतले बंगले बुटके, पसरट छपरांचे. वळचण चांगली रुंद, तिच्याखाली वाशांची उघडी टोकं, भिंतींना लाकडी फळ्या. मागच्या घरात यातला छपराचा उतार घ्या, वळचण घ्या, खिडक्यांची उभी ठेवण घ्या. वाशांची नक्षी उतरवत बसू नका, ती नकली दिसते. पैसे खिडक्यांवर घाला. दोन काचांच्या मध्ये पट्ट्या अडकवलेली व्हायनिलची खिडकी लांबूनही सपाट दिसते. चौकट भिंतीपासून जरा आत बसवली की सावली पडते, आणि अर्धं काम तिथेच होतं.

रया जाते म्हणणाऱ्यांचं एक खरं आहे: गॅरेजवर मजला चढवून शेजारच्या अंगणात डोकावणारी खोकी वाईटच. पण या बंगल्यांच्या मागे गॅरेज पूर्वीपासून असतं. त्याच जागी, गाडीवाटेच्या टोकाला एकमजली घर उभं राहिलं तर रस्त्यावरून त्याचा जेमतेम कोपरा दिसेल. गॅरेजचीच वारसा म्हणून नोंद असेल, तर पाडायचा विचार सोडा. दाराची रुंद चौकट दिसती ठेवून आत राहती जागा करता येते.

राहिलं पार्किंग. ऐतिहासिक वस्तीतल्या एडीयूला पार्किंगची सक्ती करायची नाही, असं कायद्यातच आहे. रस्त्यावर एखादी गाडी वाढेल, हे कबूल. पण सक्ती असती तर कितीतरी घरांपुढची हिरवळ उखडून काँक्रीट ओतावं लागलं असतं, आणि ते मात्र रस्त्यावरून सगळ्यांना दिसलं असतं.